निघण्याआधीची पानं: गोडसे भटजी आणि आपली रोडट्रिप

प्रवासवर्णनांवर पीएच.डी. करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग तू कुठे कुठे फिरलीस?" खरं सांगायचं तर माझा विषय फिरणं नाहीच. निघायचं ठरलं, पैशांची जुळवाजुळव केली, घरच्यांना सांगितलं, सामान बांधलं आणि पाऊल दाराबाहेर पडलं, एवढ्यापुरताच मजकूर मी वाचते. पुस्तक वाचताना ही पानं तुम्हीही भराभर उलटत असाल. कधी एकदा तो घाट येतो, तो किल्ला येतो, असं होतं. पण मला वाटतं, प्रवास कोणाचा आहे हे कळतं ते याच पानांत. पुढे काय दिसलं ते सांगताना माणूस थोडं सजवतो. "मी का निघालो" हे सांगताना मात्र त्याला काहीतरी एक ठरवावंच लागतं: खरं सांगायचं, की गाळायचं.

हा लेख दोन तऱ्हांच्या निघण्याबद्दल आहे. एक आजचं, म्हणजे गाडीने देश ओलांडायला निघणाऱ्यांचं. दुसरं १८५७ सालचं, पायी.

आजच्यापासून सुरू करू. महापे माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. मिलेनियम बिझनेस पार्क, एमआयडीसीतल्या कंपन्या, दुपारी टपरीवर चहाला उभी राहिलेली आयटीतली मंडळी. यांच्यातलं कोणी ना कोणी दरवर्षी लडाखला किंवा काश्मीर ते कन्याकुमारी निघालेलं असतं आणि त्याची लेखी किंवा चित्रित हकीकत येतेच. या हकीकतींचा पहिला भाग आता जवळजवळ ठरून गेलाय. सर्व्हिसिंग झाली, टायर बदलले, पीयूसी आणि विम्याचे कागद झाले. फास्टॅगमध्ये पैसे भरले, पंक्चर किट, टायरात हवा भरायचा पंप, औषधं, कोरडा खाऊ. मग आईने हातावर घातलेलं दही, चाकाखाली लिंबू, बोनेटवर हळद-कुंकू. पहाटे चारला निघायचं, कारण उजाडल्यावर शिळफाट्याला अडकलात तर दिवस गेला. (हे मात्र शंभर टक्के खरं.)

शिळफाटा ही तशी मोठी गमतीची जागा आहे. महाप्याचा रस्ता तिथे संपतो. उजवीकडे वळलात की कळंबोली, पनवेल आणि पुढे सगळा दक्षिण हिंदुस्थान. डावीकडे मुंब्र्यावरून ठाणे गाठलं की नाशिकची वाट, तीच आग्रा रस्ता. सरळ गेलात तर डोंबिवली-कल्याण, म्हणजे बहुतेकांचं घर. देशभर जाणारा आणि घरी जेवायला जाणारा, दोघं एकाच सिग्नलला उभे असतात. इतकी चांगली जागा हाताशी असूनही या हकीकतींत ती येते ती फक्त ट्रॅफिकची कटकट म्हणून.

माझी तक्रार यादीबद्दल नाही. यादी हवीच, आणि पुढच्या माणसाला तिचा उपयोगही होतो. तक्रार अशी की तयारी म्हणजे फक्त वस्तू, असं या लेखनाने ठरवून टाकलंय. वीस दिवसांची रजा कशी मिळाली? गाडीचा हप्ता चालू असताना डिझेलचा खर्च कुठून काढला? घरी आजारी सासरे असतील तर मागे कोण थांबलं? एखादी मुलगी एकटी निघाली असेल तर घरात काय बोलणी झाली? यातलं काहीच सापडत नाही. "घरच्यांचा फुल सपोर्ट" या तीन शब्दांत सगळं घर गुंडाळलेलं असतं.

आता गोडसे भटजींकडे या. विष्णुभट गोडसे वरसईचे, आजच्या पेण तालुक्यातले. म्हणजे शिळफाट्याला उजवीकडे वळून पनवेलमार्गे गेलं तर महाप्यापासून फार लांब नाही. 'माझा प्रवास' शाळेत धड्यापुरतं आपण ऐकलेलं असतं ते झाशीच्या राणीसाठी. खुद्द झाशीत असताना इंग्रजांनी शहर लुटलेलं पाहिलेला हा मराठी भिक्षुक, म्हणून अभ्यासकही थेट त्याच प्रकरणांकडे जातात. पुस्तकाचं पहिलं प्रकरण कोणी फारसं वाचत नाही.

त्या पहिल्या प्रकरणात कर्ज आहे. घरावर देणं झालंय, भिक्षुकीत ते फिटायचं नाही. अशात बातमी येते की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि लाखांनी खर्च होणार आहे. दक्षिणा मिळेल, देणं फिटेल, जाता जाता तीर्थयात्राही होईल. हा हिशोब गोडसे उघडपणे मांडतात. पुण्य मिळवायला निघालो, अशी बतावणी नाही. पुण्य आणि पैसा एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसतात आणि त्याची लाजही वाटत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. "स्वतःला शोधायला निघालो" असं लिहिणाऱ्या आपल्या पिढीला एवढं सरळ लिहिणं जमत नाही.

मग परवानगीचा भाग. वडील लगेच हो म्हणत नाहीत. हिंदुस्थान म्हणजे (त्या काळी आपल्याकडे उत्तरेलाच हिंदुस्थान म्हणत) लांबचा मुलूख, तिथले लोक भांग पितात, तिथल्या बायका परक्या पुरुषाला भुलवतात, तरुण मुलगा तिकडेच राहिला तर काय? शेवटी काका बरोबर जाणार म्हटल्यावर होकार मिळतो. वाचताना हसू येतं. पण इथे जरा थांबा. हे लोक घराबाहेर पडलेत ते १८५७ साली, मे महिन्यात मेरठला भडका उडण्याच्या आधी. वडिलांनी भांग आणि बायका या दोन्ही धोक्यांचा बंदोबस्त केला. पुढे महूजवळ शिपाई भेटतात आणि आता बंड होणार म्हणून सांगतात, त्या धोक्याचं नाव घरातल्या कुणाच्याच यादीत नव्हतं.

आणि गोडसे हे लिहितात कधी? परत आल्यावर सुमारे पंचवीस वर्षांनी. वडिलांची भीती लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर झाशीतली प्रेतं आहेत, तरीही ते वडिलांना मूर्ख ठरवत नाहीत आणि "त्यांना काय ठाऊक पुढे काय होणार होतं" असं म्हणून वाचकाला डोळाही मारत नाहीत. भीती जशी होती तशी ठेवतात. या संयमामुळेच ते पान आज वाचवतं. आपल्या रोडट्रिपच्या हकीकतीत नेमकं उलटं असतं. "पुढे काय होणार आहे याची आम्हाला कल्पनाच नव्हती!" हे वाक्य पहिल्याच मिनिटाला येतं, आणि पुढे झालेलं असतं एक पंक्चर.

इथे एक सावधगिरी. आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेलं 'माझा प्रवास' हे चिंतामणराव वैद्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. त्यांनी ते १९०७ मध्ये छापलं तेव्हा भाषा घासूनपुसून घेतली. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती यायला १९६६ उजाडलं. त्यामुळे "गोडसे किती छान मराठी लिहितात" असं कोणी म्हणालं की मी विचारते, कुठल्या आवृत्तीतले? गोडशांच्या शैलीबद्दल बोलायचं तर पोतदारांची प्रत समोर हवी. वर मी शैलीपेक्षा मजकुरावर भर दिला तो म्हणूनच.

कौतुक पुरे. गोडशांनी काय गाळलं तेही बघायला हवं. आई, बायको यांची बाजू आपल्याला कळते ती त्यांच्याच तोंडून. आणि सगळ्यात मोठी तयारी तर त्यांनी लिहिलीच नाही, कारण ती तयारी आहे हे त्यांच्या लक्षात येणंच शक्य नव्हतं. वेदशास्त्र जाणणारा ब्राह्मण म्हणून वाटेत ठिकठिकाणी दार उघडणार, जेवायला पान मिळणार, दरबारात आसन मिळणार, हे गृहीत धरूनच ते निघाले. गोडशांची जात हाच त्यांचा फास्टॅग होता. त्यांच्या काळात कर्ज झालेला शेतकरी किंवा अस्पृश्य मानला गेलेला माणूस असा निघू शकला असता का? निघाले असतीलही, पण त्यांच्या निघण्याची पानं आपल्याकडे नाहीत.

मराठीत या निघण्याला एक जुना शब्द आहे: प्रस्थान. "प्रस्थान ठेवणं" म्हणजे मुहूर्त आज आहे पण आज जाणं जमत नाही, तर तांदूळ-सुपारीची पुरचुंडी किंवा अंगावरचं एखादं वस्त्र शेजाऱ्याच्या घरी नाहीतर देवळात नेऊन ठेवायचं. मुहूर्त साधला, माणूस मात्र अजून घरातच. आळंदीला दरवर्षी हेच मोठ्या प्रमाणावर होतं. माउलींच्या पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होतं, पण पालखीचा पहिला मुक्काम आळंदीतच, आजोळघरी. देहूत तुकोबांची पालखीही पहिल्या रात्री इनामदार वाड्यातच असते. म्हणजे निघणं आणि जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधल्या रात्रीला आपल्याकडे जागा आहे, नाव आहे. त्या रात्री माणूस घराचाही नसतो आणि रस्त्याचाही. पु. लं.ना ही मधली जागा बरोबर सापडली होती. 'अपूर्वाई'ची सुरुवातीची पानं विलायतेच्या तयारीत जातात, आणि त्यातली गंमत सामानात नाही, ते निघालेत हे कळल्यावर भोवतालची माणसं कशी वागायला लागतात त्यात आहे.

महाप्यात अशी मधली रात्र रोज कोणीतरी काढत असतं. एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर रात्री ट्रक लागलेले तुम्ही पाहिले असतील. माल भरून झालाय, ताडपत्री ओढून रस्सी आवळलीय, कागदाची वाट बघतायत. ५० हजारांवरचा माल परराज्यात जायचा तर ई-वे बिल लागतं आणि त्याची मुदत अंतरावर ठरते, साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. दिल्लीपर्यंतच्या साधारण १,४०० किलोमीटरला सात दिवस. २०२१ च्या आधी हाच हिशोब १०० किलोमीटरला एक दिवस असा होता. म्हणजे निघायच्या आधीच परत मोजणी सुरू. मालकाकडून खर्ची मिळाली की डिझेल, मग पहाटे शिळफाटा. गाडीचा हप्ता, घरचं देणं, किती दिवसांनी परत, हे सगळं चहाच्या घोटाबरोबर ऐकायला मिळतं. गोडशांचं पहिलं प्रकरण आणि हे बोलणं शेजारी ठेवलं तर मला त्यांच्यात जास्त नातं दिसतं. कर्जामुळे निघालेली माणसं. आणि देश आडवा-उभा ओलांडणारे खरे लोक हेच, पण प्रवासवर्णन या नावाखाली आपण त्यांना धरत नाही. माझ्या प्रबंधाच्या आराखड्यातही ते नाहीत. मार्गदर्शक बाईंचं म्हणणं, "लिखित मजकूर कुठाय?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांना म्हटलं, ई-वे बिल लिखितच असतं की. त्या हसल्या, पण अजून हो म्हणालेल्या नाहीत.

गोडसे परतले ते अडीचेक वर्षांनी. वाटेत लुटले गेले, पैसा जवळपास उरला नाही, पण गंगेची कावड खांद्यावर वाहत वरसईला आणली. कर्ज फेडायला गेलेला माणूस पाणी घेऊन आला.

त्या वरसईबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. पेण तालुक्यात बाळगंगा नदीवर धरणाचं काम अनेक वर्षं रखडत चाललंय. पैसा सिडकोचा, पाणी नवी मुंबईसाठी, म्हणजे आपल्याच नळाला येणारं. बुडिताखाली जाणाऱ्या भागात वरसईचा परिसर येतो, आणि तिथले लोक मोबदला आणि पुनर्वसनासाठी आंदोलनं करत आलेत. घर सोडायचं आहे हे माहीत, कधी ते माहीत नाही, पैसे किती आणि जायचं कुठे यावर बोलणी चालूच. गोडशांच्या पहिल्या प्रकरणातला सगळा मजकूर तिथे आज आहे, फक्त परत यायची सोय नाही. पुढच्या महिन्यात मी वरसईला जाणार आहे. वही नेतेय. गंगेच्या कावडीबद्दल शेवटी विचारीन, आधी घरं कधी सोडायला सांगितलीत ते विचारायचंय.