बाण्णव टक्क्यांच्या आड

शोधनिबंधाला आपण साहित्यात धरत नाही. पण काय सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे आणि काय गाळायचे, हे त्यालाही ठरवावे लागते. म्हणून त्याचीही समीक्षा व्हायला हवी. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध त्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून तो लिहिला गेला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. सरासरी एका स्त्रीमागे ३.६ रोग, त्यांतले निम्मे जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच सरकारदरबारी मानले जात होते, त्या काळात हे काम झाले. त्याचे मोल निर्विवाद आहे.

मात्र पुढे ‘९२ टक्के’ हा आकडा एकटाच फिरत राहिला. दोन गावांचा निष्कर्ष साऱ्या देशाचा म्हणून सांगितला जाऊ लागला. शिवाय या एका आकड्यात किरकोळ संसर्ग आणि गंभीर विकार एकाच मापाने मोजले गेले आहेत, हेही विसरले गेले. आकडा जितका धक्कादायक, तितका तो कमी वाचला जातो.

माझ्या मते निबंधाचा गाभा दुसऱ्या आकड्यांत आहे. ५५ टक्के स्त्रियांनी तक्रारी सांगितल्या. ४५ टक्के स्त्रियांना निबंध ‘लक्षणमुक्त’ म्हणतो. हा शब्द खटकतो. त्या स्त्रियांना काही जाणवतच नव्हते, की बाईच्या जातीला हे असायचेच म्हणून त्यांनी ते सांगण्याजोगे मानले नाही? ‘लक्षणमुक्त’ म्हटले की हा प्रश्न मिटतो. ‘अंगावरून पांढरे जाते’ हे बाईचे वाक्य ‘श्वेतस्राव’ या रकान्यात शिरताना त्यातला संकोच आणि थकवा गळून पडतो, तसेच इथे होते.

ही शंका निराधार नाही, हे उलट दिशेने गोव्यात दिसले. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास करून २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. पांढरे जाण्याच्या तक्रारीचा सर्वांत घट्ट संबंध जंतुसंसर्गाशी नव्हता. तो मानसिक ताण आणि सामाजिक परिस्थितीशी होता. गडचिरोलीत रोग होता आणि तक्रार नव्हती. गोव्यात तक्रार होती आणि बहुधा संसर्ग नव्हता. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती वेगळ्या, म्हणून आकड्यांची थेट तुलना करू नये. पण तक्रार आणि रोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोन्हींतून एकत्र वाचल्यावरच उमगते.

याला व्यवहारात किंमत आहे. प्रयोगशाळा नसलेल्या आरोग्य केंद्रांत लक्षणावरून औषध देण्याची पद्धत जगभर रूढ झाली. बाईने पांढरे जाते म्हटले की जंतुनाशक गोळ्या. या पद्धतीत गडचिरोलीची न बोलणारी स्त्री औषधाविना राहते, आणि गोव्याची बोलणारी स्त्री नको ते औषध घेऊन घरी जाते. तिचे खरे दुखणे, म्हणजे घरातला जाच, झोप नसणे, कामाचा भार, कुणी विचारतच नाही.

१९८९ च्या निबंधाने स्त्रीला तपासणीच्या टेबलापर्यंत आणले, आणि तेव्हा तीच मोठी झेप होती. तिची उणीव एवढीच की त्या पानांत ६५० स्त्रिया आहेत, पण त्यांचे एकही वाक्य नाही. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीइतकेच ते वाक्यही पुरावा आहे. पुढच्या संशोधकांनी दोन्ही शेजारी मांडायला हवेत, आणि ९२ चा आकडा पुन्हा उद्धृत करण्याआधी आपण वाचकांनीही ४५ कडे पाहायला हवे.