सही झाली, नियम पोचला का?

कर्जत-खालापूरच्या श्रोत्यांपुढे हेगेलपासून सुरुवात करणं धाडसाचंच आहे. पण त्याने दिलेला एक दाखला आपल्याकडच्या कारखान्यांना चांगला लागू पडतो. डायोनिसियस नावाचा जुलमी राजा कायदे इतक्या उंचावर टांगत असे की प्रजेला ते वाचताच येऊ नयेत. हेगेल याला अन्याय म्हणतो. जो कायदा कळूच शकत नाही, तो पाळायची जबाबदारी माणसावर टाकायची कशी?

खोपोलीजवळच्या एका कारखान्यात आम्हाला 'आचारसंहिता' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. बोर्ड होता, काचेच्या पेटीत, कुलूप लावलेला. तो साहेबांच्या गाड्या येतात त्या फाटकाशी होता. कामगार मागच्या फाटकाने येतात. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने हे मुद्दाम लिहून ठेवलं होतं: नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावा, आणि बहुसंख्य कामगार ज्या दाराने आत येतात त्या दाराशी लावा. कायदा करणाऱ्यांनी दारापर्यंतचा विचार केला होता. आम्ही मात्र दार बदललं.

तिथल्या अधिकाऱ्यांनी आम्हाला फाईल दाखवली. प्रत्येक कामगाराची सही. 'सर, सगळ्यांना कळवलंय.' आम्ही जेवणाच्या सुट्टीत कामगारांमध्ये जाऊन बसलो. विचारलं, काय काय नियम आहेत? मोबाईल आत न्यायचा नाही, हेल्मेट नसेल तर परत पाठवतात, दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापतात. सगळं तोंडपाठ! मराठी माणसाला, ओडिशातून आलेल्या पोराला, झाडू मारणाऱ्या कातकरी ताईंनाही. मग विचारलं, तुमच्यावर अन्याय झाला तर तक्रार कोणाकडे? सगळे गप्प. शेवटी ताई म्हणाल्या, 'ते कागदात असंल, सर. आम्ही फक्त सही केली.'

आमची टीका इथे आहे. कामगार अडाणी आहेत, भाषा वेगळी आहे, ठेकेदाराची माणसं महिन्याला बदलतात, ही कारणं आपण नेहमी ऐकतो. ती खोटी नाहीत. पण याच माणसांपर्यंत मोबाईलचा नियम कसा पोचला? जे कळवायचं असतं ते कळवता येतं. नियमपत्राला दोन बाजू असतात: कामगाराने काय करायचं, आणि मालकाने काय करायचं. पहिली बाजू रोज तोंडी सांगितली जाते, दुसरी फाईलमध्ये राहते. सही पुरावा म्हणून हवी, मान्य. पण ती कागद हातात दिल्याचा पुरावा आहे, नियम कळल्याचा नव्हे.

आता कर्जतकडे या. इथे फार्महाऊस आहेत, छोटी रिसॉर्ट आहेत. एक आचारी, एक माळी, साफसफाईला दोन बायका. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधाचा कायदा त्या बायकांनाही लागू आहे. रोजंदारीवर असोत, ठेकेदाराच्या असोत. दहापेक्षा कमी माणसं असतील तर अंतर्गत समिती नसते, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. अलिबाग लांब पडतं, म्हणून तालुक्याला एक नोडल अधिकारी नेमायचा आणि त्याने सात दिवसांत तक्रार पुढे पाठवायची, अशी तरतूद आहे. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करायची, हेही कायद्यातच आहे. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने. बरं का, ज्या बाईला हे कुणी सांगितलंच नाही, तिचे तीन महिने कधी संपले हेही तिला कळत नाही. तिच्यासाठी हा कायदा डायोनिसियसच्या उंचीवरच टांगलेला आहे.

मग करायचं काय? आपल्याच कोकणात, सोपाऱ्याला, अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. लोकांच्या प्राकृतात कोरलेले. पण दगडावर कोरलं म्हणजे काम झालं, असं अशोकाने मानलं नाही. कलिंगातल्या धौली आणि जौगडच्या लेखांत त्याने आज्ञा दिली की हे ठरावीक दिवशी वाचून दाखवावं, ऐकणारा एकच माणूस असला तरी. तिथल्या एका लेखात तर त्याने आपल्या अधिकाऱ्यांनाच बजावलं आहे की कुणाला विनाकारण कैद किंवा छळ होऊ देऊ नका. म्हणजे सत्तेला बांधणारा नियमही वाचून दाखवायचा होता.

आम्ही व्यवस्थापकांना एवढंच सुचवतो. महिन्यातून एकदा, कामाच्या वेळात, पगार न कापता, अर्धा तास नियम वाचून दाखवा. कामगारांच्याच भाषेत, आणि सुरुवात तुमच्यावरच्या नियमांपासून करा. तक्रार कोणाकडे करायची, त्या माणसाला समोर उभं करा. मग एखाद्या कामगाराला विचारा, 'आता तू सांग.' त्याने आपल्या शब्दांत सांगितलं, तर नियम पोचला.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची मर्यादा ३०० कामगारांवर नेली आहे. लहान कारखान्यांत यापुढे बरंचसं मालकाच्या सद्बुद्धीवर राहील. म्हणून हे आज बोलावंसं वाटलं. तुमच्यापैकी जे नोकरीत आहेत त्यांनी उद्या कामावर गेल्यावर एक करा: बोर्ड कुठल्या फाटकाशी आहे, तेवढं बघा. इथे थांबतो.