ओंडका खरोखर निर्जंतुक होतो का?

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पाली, सरडे आणि साप घरात पाळण्याची हौस बरीच रुजलेली आहे. काचेच्या पेटीत थोडी माती, पाण्याचे भांडे, चढायला एखादी फांदी आणि लपायला पोकळ ओंडका, असा या प्राण्यांचा संसार असतो. भांडे आणि काच धुणे सोपे असते. लाकूड मात्र सच्छिद्र असते. त्यात विष्ठा मुरते, युरिक आम्लाच्या क्षारांचे पांढरे डाग बसतात, दमट बाजूला बुरशी धरते. म्हणून या हौशी मंडळींसाठी निघणाऱ्या पुस्तिकांत आणि पत्रकांत लाकूड 'निर्जंतुक' करण्याची कृती हटकून दिलेली असते. आम्ही अशा बऱ्याच कृती वाचल्या. शब्द थोडेफार बदलतात, पण सांगणे एकच: एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी घ्या, त्यात लाकूड दहा मिनिटे बुडवा, धुवा आणि ओव्हनमध्ये २५० अंशांवर अर्धा तास ठेवा. झाले लाकूड निर्जंतुक!

या कृतीत आकडे आहेत, रसायन आहे, उष्णता आहे. त्यामुळे ती शास्त्रीय वाटते. पण आकडे दिले म्हणजे विधान शास्त्रीय होते का, हे तपासायला ही कृती फार चांगली आहे. म्हणूनच ती शिक्षकांपुढे ठेवावी असे आम्हांला वाटले.

प्रश्न केवळ हौसेचा नाही. निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या आतड्यातही साल्मोनेला जीवाणू असू शकतात, आणि त्यांचा सर्वांत जास्त धोका लहान मुलांना असतो. लहान कासवे हाताळून मुले आजारी पडतात हे लक्षात आल्यावर अमेरिकेत १९७५ साली ४ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटरपेक्षा, लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली. पाच वर्षांखालील मुलांच्या घरात असे प्राणी नसावेत, असा सल्ला तेथील आरोग्ययंत्रणा आजही देते. 'निर्जंतुक' या शब्दावर विसंबून एखादी आई तो ओंडका मुलाच्या हाती देणार असेल, तर शब्द तपासून वापरणे ही लेखकाची जबाबदारी ठरते.

पहिला आक्षेप '२५० अंश' या आकड्यावर. अंश कोणते? मूळ कृती अमेरिकेतली असल्याने ते फॅरनहाइट आहेत, म्हणजे सुमारे १२१ अंश सेल्सिअस. पण पुस्तिका देशोदेशी जातात आणि एकक वाटेतच गळून पडते. सेल्सिअसमध्ये आखलेल्या ओव्हनवर कोणी २५० अंश लावले, तर लाकूड करपेल, धुमसेल, प्रसंगी पेटही घेईल. 'एकक लिहिले नाही तर अर्धा गुण कापू' असे आपण मुलांना सांगतो. इथे त्या अर्ध्या गुणाची किंमत स्वयंपाकघरातील आग इतकी असू शकते.

बरे, १२१ अंश सेल्सिअस हे धरून चालू. हा आकडा ओळखीचा आहे. प्रयोगशाळेतील ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना १५ मिनिटांत निर्जंतुकीकरण होते. पण तेथे दाबाखालची संपृक्त वाफ असते. वाफ गार वस्तूवर द्रवरूप होताना आपली सुप्त उष्णता तिला देते, आणि ओलाव्यात जंतूंची प्रथिने लवकर बिघडतात. कोरड्या हवेत तेच काम साधायला १६० अंशांना २ तास लागतात. तेव्हा ऑटोक्लेव्हचे तापमान उचलून ओव्हनमध्ये लावणे म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजून तव्यावर डाळ शिजवण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अर्ध्या तासावर. ओव्हनचा काटा हवेचे तापमान दाखवतो, ओंडक्याच्या गाभ्याचे नव्हे. लाकूड उष्णतेचे मंदवाहक आहे; म्हणून तर आपण कढईला लाकडी मूठ लावतो. शिवाय त्यातला ओलावा वाफ होऊन जाईपर्यंत गाभा १०० अंशांच्या खालीच रेंगाळतो. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट. बोटाएवढी काटकी आणि मांडीएवढा ओंडका या दोघांना एकच अर्धा तास सांगणारी कृती भौतिकशास्त्राचे साधे गणितही विसरते.

याच बाबतीत दुसरीकडे किती काळजीपूर्वक लिहिले जाते, ते पाहण्याजोगे आहे. आयातनिर्यातीच्या लाकडी खोक्यांवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह छापलेले असते. २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचे ते चिन्ह. उष्णता-प्रक्रियेचा त्यातला मूळ नियम असा: लाकडाच्या गाभ्यासह सर्व भागात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे टिकले पाहिजे. आकडा, एकक, काळ आणि मोजण्याची जागा, सर्व काही एका वाक्यात! आणि हे मानक लाकडातील किडी व सूत्रकृमी मारण्यापुरतेच आहे. ते 'निर्जंतुक' हा शब्द वापरत नाही.

तिसरा आक्षेप ब्लीचविषयी. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. 'एकास दहा' म्हटले, पण मूळ द्रावण किती टक्क्यांचे? बाजारातल्या बाटल्यांची तीव्रता सारखी नसते, आणि उन्हात किंवा उष्ण जागी ठेवलेल्या बाटलीची शक्ती महिनोगणती घटत जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्लोरीन केवळ जंतूंवर खर्च होत नाही. विष्ठा, माती आणि खुद्द लाकडातील लिग्निन यांच्यावरही तो खर्च होतो. काचेवर चालणारे प्रमाण लाकडावर तसेच चालेल, असे धरता येत नाही.

लाकडात शिरलेल्या जंतूंचे काय होते, याचा चांगला अभ्यास स्वयंपाकातील पाटांच्या निमित्ताने झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठातील डीन क्लिव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली तो प्रसिद्ध केला. लाकडी पाटावर सोडलेले जीवाणू थोड्या वेळाने पृष्ठभागावर सापडेनासे होत. पण ते लगेच मेलेले नसत. पाट फोडून पाहिल्यावर आतल्या भागात काही काळ जिवंत जीवाणू मिळत, मात्र ते वाढत नसत आणि हळूहळू मरत. यातून दोन धडे मिळतात. पृष्ठभागावरून घेतलेला नमुना स्वच्छ आला म्हणून ओंडका आतून स्वच्छ झाला असे नव्हे. आणि कोरडे लाकूड जंतूंना फारसे मानवतही नाही. पेटीतला दमट ओंडका मात्र कोरडा पाट नव्हे, हेही विसरू नये.

काही जंतू तर ब्लीचला दादच देत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम हा आदिजीव लेपर्ड गेको जातीच्या पालींना आणि सापांना खंगवतो. त्याची कवचबंद अवस्था इतकी चिवट असते की सोबतचे जीवाणू मारण्यासाठी प्रयोगशाळेत ती चक्क ब्लीचनेच धुतात, आणि ती जिवंत राहते! याच वंशाच्या आदिजीवाने १९९३ साली मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून अंदाजे ४ लाख लोकांना आजारी पाडले. त्याला मारते ती ओली उष्णता किंवा पूर्ण शुष्कता. म्हणून असा आजार झालेल्या पेटीतले लाकूड टाकूनच द्यावे, असे जाणकार सांगतात. आम्ही वाचलेल्या थोड्याच पत्रकांत हे वाक्य होते.

या कृतींत चांगले काहीच नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आधी घासून धुणे, नंतर जंतुनाशक, मग भरपूर पाण्याने धुणे आणि कडकडीत वाळवणे हा क्रम अगदी योग्य आहे. घाण तशीच ठेवून ओतलेले जंतुनाशक बव्हंशी वाया जाते. लहान तुकडे ओव्हनऐवजी पाण्यात उकळावेत हा सल्लाही बरा. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही आणि उष्णता ओली असते. फिनॉल असलेली द्रव्ये, म्हणजे आपले काळे फिनेल, सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी असल्याने वापरू नयेत, हेही बहुतेकांनी सांगितले आहे. पण ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरे आम्ल मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि अमोनियाशी संयोग झाल्यास क्लोरामाइन, हा इशारा ठळक अक्षरांत हवा होता. तो बहुधा शेवटी, बारीक टाइपात असतो.

आमचा मुख्य आक्षेप शेवटी 'निर्जंतुक' या शब्दालाच आहे. समजा, ओंडका खरोखर निर्जंतुक झाला. तो पेटीत ठेवल्यावर प्राणी त्यावरून चालेल, विष्ठा टाकेल, आणि त्याच दिवशी त्याच्याच आतड्यातले जीवाणू पुन्हा लाकडावर येतील. साफसफाईने जंतूंची संख्या कमी होते, दुर्गंधी आणि बुरशी आटोक्यात राहते, प्राणी निरोगी राहतो. एवढे पुष्कळ झाले. मुलाचे रक्षण मात्र ओंडक्याच्या निर्जंतुकतेने होत नाही. ते होते हात साबणाने धुण्याने आणि पेटीतल्या वस्तू स्वयंपाकघरातील मोरीत न धुण्याने. पत्रकाचे पहिले वाक्य हेच असायला हवे.

आपल्याकडे एक गोष्ट स्पष्ट असावी. स्टार कासव, घोरपड, साप असे देशी प्राणी घरात किंवा शाळेत ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा प्रात्यक्षिकासाठी प्राणी नको, लाकूड पुरे.

सुताराकडून ५ आणि १० सेंटिमीटर जाडीचे दोन चौकोनी ठोकळे आणावेत. मध्यापर्यंत भोक पाडून त्यात प्रयोगशाळेतील तापमापी बसवावी आणि भोकाचे तोंड मेणाने बंद करावे. दोन्ही ठोकळे सुमारे ७० अंशांच्या पाण्यात, भोकाचे तोंड वर राहील असे दाबून धरावेत, आणि पाण्याचे तापमान टिकवून दर पाच मिनिटांनी नोंद करावी. गाभा ५६ अंशांवर यायला प्रत्येकाला किती वेळ लागला, याचा आलेख मुलांनी काढावा. गरम पाणी शिक्षकांनीच हाताळावे. नंतर ती 'अर्धा तास' वाली कृती फळ्यावर लिहावी आणि तिच्यात कोणकोणते शब्द राहून गेले आहेत, ते मुलांनाच भरायला सांगावे.