पाठवणी आणि बोलावणं

कार्तिकातल्या काकड्याला विदर्भातल्या नाचणगावात पहाटेची थंडी बोचरी असते. दवानं खंजिरीचं कातडं ढिलं पडतं. मग शेकोटीच्या आचेवर ती फिरवायची, मध्ये मध्ये बोटानं टिचकी मारून पाहायची. आवाज टणक आला की भजनाला सुरुवात. याच वाद्यानं १९५५ साली जपान गाठलं. विश्वधर्म व विश्वशांती परिषदेला गेलेल्या तुकडोजी महाराजांनी तिथं खंजिरीवर भजन म्हटलं. विदर्भाची लोककला परदेशी श्रोत्यांसमोर इतक्या ठसठशीतपणे गेल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही, आणि ही गोष्ट मला फार लागते.

मराठी कला बाहेर गेलीच नाही, असं मुळीच नाही. 'संत तुकाराम' हा चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'नं २०१४ मध्ये तिथंच पारितोषिक मिळवलं. 'घाशीराम कोतवाल' १९८० मध्ये युरोपात झालं, तेही मराठीतच. नाचता नाचता पाठमोरी होऊन भिंत बनणारी ती माणसांची रांग, तिचं उघडणं-मिटणं परक्या प्रेक्षकालाही कळत होतं. तेंडुलकरांच्या संहितेइतकंच हे बळ जब्बार पटेलांच्या बांधणीचं, भास्कर चंदावरकरांच्या संगीताचं आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्याचं होतं. नाटक उत्तम बसलेलं असेल तर भाषेची अडचण आपण समजतो तेवढी मोठी नसते.

वारली चित्रकलेचं मात्र वेगळं झालं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगभरच्या कलादालनांत गेली. भास्कर कुलकर्णींसारख्या जाणत्या माणसानं पाड्यांवर जाऊन ही कला पाहिली, म्हणून ते घडलं. पण पुढे कपांवर आणि पडद्यांवर फक्त फेर धरणारी माणसं उरली. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, हे ग्राहकाला कुणी सांगत नाही. चित्र पोचलं, अर्थ मागे राहिला.

आणि आपली नेहमीची वाट? बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांना बांधून ठेवतंय. तिथं नाटकं जातात, गाणी जातात. घरापासून दूर राहिलेल्यांचा तो आधार आहे आणि मला त्याचं मोल आहे. पण त्या सभागृहात बसलेला प्रेक्षक आपलाच असतो. त्याला आपण परदेशातली दाद म्हणतो, तिथं आपलं चुकतं. शिवाय त्या विमानात विदर्भातली दंडार नसते, खडी गंमतही नसते. डफ-तुणतुण्यावर वऱ्हाडीत सवाल-जवाब रंगवणारा शाहीर पुण्या-मुंबईलाच पुरता ठाऊक नाही.

वेल्सनं वाट उलटी धरली. वेल्श बोलणारे दहा लाखही नाहीत. आपण आठ कोटींच्या वर. तरी लँगॉलेन या काही हजार वस्तीच्या गावानं १९४७ पासून जगभरच्या गायकांना आपल्या अंगणात बोलावलं. १९५५ साली, तुकडोजी महाराज जपानला गेले त्याच वर्षी, इटलीतल्या मोदेनाचा गायकवृंद तिथल्या स्पर्धेत पहिला आला. त्यात वडिलांच्या शेजारी एकोणीस वर्षांचा लुचियानो पावारोत्ती उभा होता. आलेला माणूस यजमानाची भाषा आणि गाणंही ऐकूनच परततो.

मुंबई-नागपूर लोहमार्गावरचं पुलगाव स्टेशन नाचणगावाला लागूनच आहे. सेवाग्राम फार लांब नाही, आणि तिथं बापूंची कुटी पाहायला देशोदेशीची माणसं येतात. कुटी पाहून ती परततात. या मातीतला आवाज त्यांच्या कानी क्वचितच पडतो. त्यातल्या चौघांना पहाटे काकड्याला आणता येईल. सतरंजी आहे, चहा आहे, शेकोटी आहे. शेजारी बसून भजनातल्या ओळी त्यांच्या भाषेत उलगडून सांगेल, असं एक माणूस तेवढं हवं.