निर्मळ पाण्यातील उपासमार

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी नागपुरात शिकतो. त्याने खोलीवर खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवली आहे. मागच्या सुटीत तो अड्याळला आला तेव्हा एक छापील पान घेऊन आला. दुकानातून ‘फेदर डस्टर’ नावाचा समुद्री कृमी घेतला, त्यासोबत मिळालेले निगा राखण्याचे पान. “सर, प्रयोगशाळेसाठी असाच एक आणू का?” असे त्याने विचारले. होय किंवा नाही म्हणण्यापूर्वी ते पान नीट वाचणे भाग होते. वाचल्यावर वाटले, त्याचे परीक्षण शिक्षकबंधूंसमोर ठेवावे.

प्राणी मोठा देखणा आहे, यात शंका नाही. तो गांडुळाच्याच संघातला, म्हणजे वलयी प्राणी. मात्र तो श्लेष्म आणि बारीक वाळू-गाळ यांची चामड्यासारखी नळी बांधून आयुष्यभर तीत राहतो. बाहेर दिसतो तो फक्त डोक्यावरचा पिसांचा मुकुट. त्याच्या नात्यातले सर्प्युलिड कृमी चुन्याची पांढरी नळी करतात. कोकणात समुद्रावर गेलात तर खडकांवर आणि कालवांच्या शिंपल्यांवर वेड्यावाकड्या पांढऱ्या नळ्या चिकटलेल्या दिसतात, त्या बहुधा यांच्याच. आपल्या पाठात गांडूळ, जळू, नेरीस ही तीन नावे येतात आणि धडा संपतो. नळीत बसून राहणारे हे मोठे कुटुंब त्यात नसतेच.

पानातील काही सूचना अगदी योग्य आहेत. माशांच्या रोगावरचे तांबेयुक्त औषध या पेटीत घालू नये, हे ठळक छापले आहे. नवा प्राणी पाण्यात हळूहळू रुळू द्यावा, हेही बरोबर आहे. पण ‘पाणी स्वच्छ ठेवा, वेगळे खाद्य लागत नाही’ या अर्थाचे जे वाक्य आहे, तेच या प्राण्याच्या जिवावर उठणारे आहे.

तो मुकुट म्हणजे त्याचे श्वसनेंद्रिय आणि जेवणाचे ताटही. प्रत्येक पिसावर पक्ष्माभिकांच्या रांगा असतात. त्यांच्या हालचालीने पाणी मुकुटातून ओढले जाते आणि त्यातले कण पिसांवर अडकतात. साबेला या जातीवर 1930 साली निकोल यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. हा कृमी कणांची आकारानुसार निवड करतो. मोठे कण फेकून देतो, मधले नळीच्या बांधकामाला वापरतो आणि सर्वांत बारीक तेवढे खातो. (आपल्याकडे धान चाळताना याहून वेगळे काय करतात?)

आता पेटीचा विचार करा. माशांसाठी पाणी निर्मळ हवे म्हणून गाळणी लावलेली असते. प्रोटीन स्किमर बुडबुड्यांच्या फेसाबरोबर सेंद्रिय द्रव्य बाहेर काढतो. माणसाच्या डोळ्यांना जे पाणी स्फटिकासारखे दिसते, ते या कृमीला रिकामे ताट आहे. तो लगेच मरत नाही. कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने खंगत जातो, आणि मालकाला वाटते की सगळे ठीक आहे. उपाय आहे, पण सोपा नाही. समुद्री सूक्ष्मशैवालाचे द्रव खाद्य आणावे, थोडा वेळ गाळणी व स्किमर बंद ठेवावा आणि मंद प्रवाहात थोडे थोडे सोडावे. थेट मुकुटावर ओतले तर तो क्षणात नळीत शिरतो. जास्त पडले तर ते कुजते आणि अमोनिया वाढतो. खाऊ घालणे आणि पाणी राखणे यांत सतत ओढाताण असते, आणि पानात तिचा उल्लेखही नाही.

मुकुट गळाला की प्राणी मेला, असेही पानात म्हटले आहे. ते खरे नाही. ताण आला की हा कृमी मुकुट टाकतो आणि काही आठवड्यांत नवा उगवतो. आमच्या विद्यार्थ्याच्या कृमीनेही टाकला होता. तो नळी फेकायला निघाला होता, मी थांबवले. पुढे बारीकसा मुकुट पुन्हा दिसू लागला. मात्र गळणे ही तक्रार असते, हे विसरू नये. उपाशी प्राण्याने नवा मुकुट कशातून उभारायचा?

राहिला मिठाचा प्रश्न. समुद्राच्या क्षारांत सोडियम व क्लोराइड मिळून सुमारे 86 टक्के. बाकीच्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम. म्हणून स्वयंपाकाच्या मिठाने समुद्र होत नाही. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर 1951 पासून समुद्रच होता. आपल्याला तो पाकिटातून आणावा लागतो. शंभर लिटर पाण्याला साडेतीन किलो क्षार, म्हणजे लिटरला 35 ग्रॅम. आमच्या मे महिन्यात दहा लिटर पाणी उडून गेले तर क्षार तेवढेच राहतात आणि प्रमाण लिटरला जवळजवळ 39 ग्रॅम होते. अशा वेळी भर घालायची ती गोड्या पाण्याची. पानात खारे पाणी घाला असे छापले आहे! हे गणित नववीच्या मुलांना जरूर द्यावे. शिवाय पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि दुपारी वीज गेली की पंपही थांबतो.

म्हणून मी त्याला नाही म्हटले. बाजारात येणारे हे कृमी बहुतांशी समुद्रातून काढलेले असतात, हेही कारण होतेच.

गाळून खाणारा प्राणी मुलांना दाखवायचा असेल तर भंडारा जिल्ह्यात तळ्यांना तोटा नाही. तळ्याचे हिरवट पाणी दोन बरण्यांत भरा. एकीत जिवंत शिंपला ठेवा, दुसरी तशीच ठेवा. सकाळी मांडलेल्या बरण्या दुपारपर्यंत ताडून पाहा. शिंपल्याच्या कडेशी थेंबभर शाई हळूच सोडली तर पाणी कोठून आत जाते आणि कोठून बाहेर पडते तेही दिसते. शाळा सुटली की शिंपला ज्या तळ्यातून आणला त्याच तळ्यात परत सोडून यावा. आमच्याकडे त्यासाठी मुलांत भांडणे होतात.