‘फूद्र’ आणि ‘वीज’: व्युत्पत्तीची मर्यादा

‘फूद्र’ या फ्रेंच शब्दापुढे ‘वीज’ असा मराठी प्रतिशब्द लिहिला की काम भागले, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः फ्रेंच भाषेने येथे तीन नामे राखली आहेत. आकाशात लखलखते ती ‘एक्लेर’, खाली कोसळते ती ‘फूद्र’, आणि आवाज तो ‘तोनेर’. मराठीत चमकते, पडते आणि कडाडते ती एकच वीज. भेद दाखविण्याचे काम क्रियापद करते.

हा फरक मूळ धातूतून आला असावा असे कोणास वाटेल, तर ते खरे नव्हे. ‘फूद्र’चे मूळ लॅटिन ‘फुल्गुर’ हे असून त्याचा धातू ‘चकाकणे’ या अर्थाचा आहे. लॅटिनमध्ये ‘फुल्गुर’ म्हणजे लखलखाट. कोसळणाऱ्या विजेस ‘फुल्मेन’ हा निराळा शब्द होता. पुढे लखलखाटाच्या शब्दानेच आघाताची जागा घेतली, आणि लखलखाटासाठी ‘उजळणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून ‘एक्लेर’ घडला. संस्कृतातही ‘विद्युत्’ आणि ‘अशनि’ अशी जोडी होती. पैकी ‘द्युत्’ म्हणजे प्रकाशणे. ‘विद्युत्’ प्राकृत ‘विज्जु’च्या वाटेने ‘वीज’ झाला. ‘अशनि’ मराठी बोलण्यात उरला नाही. त्याचे काम ‘वीज’कडे आले, पण तिने आपला लखलखाट सोडला नाही. आरंभ सारखा, परिणती मात्र वेगळी!

कृ. पां. कुलकर्णी यांच्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’सारख्या (१९४६) ग्रंथांनी शब्दाचा मार्ग दाखविण्याची शिस्त घालून दिली, ती मोलाचीच आहे. परंतु मार्ग कळला म्हणजे मुक्काम कळला, असे नाही. ‘कू द फूद्र’ म्हणजे प्रथमदर्शनी जडलेले प्रेम. मराठीत एखाद्यावर वीज कोसळली की घरात अनर्थ ओढवलेला असतो. शब्दशः भाषांतर करणारा प्रियकराच्या दारी शोककळा आणील.

नंदुरबारकडील बोलण्यात आद्य ‘व’ गळून ‘ईज’ असे रूप होते. कोशकार एवढ्यावर थांबेल. लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. प्रमाण मराठीत तारेतून वाहणारी शक्तीही ‘वीज’च. खेड्यात मात्र बहुधा ‘लाईट’ येते आणि ‘लाईट’ जाते. उसन्या शब्दांनी बोली बिघडते, हा आक्षेप निदान येथे तरी टिकत नाही. ‘लाईट’ने तारेचा भार उचलला, म्हणून ‘ईज’ आभाळाची राहिली. आणि ‘ईज पडनी’ एवढे ऐकताच शेतातला माणूस खांबाकडे नव्हे, ढगाकडे पाहतो.