पुरुष कोंडले, एवढंच?

रुकैया सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज् ड्रीम’ला अलीकडे बरे दिवस आलेत. गोंड चित्रांनी सजलेली आवृत्ती निघाली, 2023 मध्ये इझाबेल एर्गेरा या स्पॅनिश दिग्दर्शिकेचा अॅनिमेशनपट आला. आनंद आहे. पण बोलणारा प्रत्येक जण तेच सांगतो: बघा, बाईनं 1905 मध्ये पुरुषांना पडद्यात कोंडलं! एवढ्या गमतीवर टाळ्या पडतात आणि कथा वाचायची राहूनच जाते.

कोंडण्याची गंमत लवकर ओसरते. पुढे उरते ती कामाची कथा. कथेतल्या नारीस्थानातलं, म्हणजे बायकांच्या राज्यातलं, स्वयंपाकघर बघा. भाजीच्या मळ्यात आहे, कोळसा नाही, धुराडं नाही, अन्न शिजतं ते उन्हावर. स्वप्न सांगणारी सुलताना तिथं जाणार म्हणून आतल्या पुरुषांना आधी बाजूला व्हायला सांगितलेलं असतं. म्हणजे रांधतं कोण, हे बाईंनी जाता जाता सांगून टाकलंय. आपल्याकडच्या साहेबांच्या चिरुटांचा हिशेब तर त्याहून झकास. कचेरीचे तास सात, एका चिरुटाला अर्धा तास, दिवसाला बारा चिरूट; काम उरतं तासाभराचं. नारीस्थानातल्या बायका कचेरी दोन तासांत उरकतात, यात नवल ते काय! भागलपूरच्या डेप्युटी मॅजिस्ट्रेटच्या बायकोनं, म्हणजे खुद्द रुकैयांनी, हा हिशेब मांडलाय, ऐकीव माहितीवर नव्हे.

विज्ञानही त्याच घरातून निघतं. बायकांच्या एका विद्यापीठानं ढगातलं पाणी नळीनं उतरवलं, दुसऱ्यानं उन्हाची उष्णता साठवली. पुरुष तेव्हा सैन्य वाढवण्यात दंग. शत्रू दाराशी आल्यावर प्राचार्याबाई दोन हजार विद्यार्थिनी घेऊन गेल्या आणि तेच ऊन त्याच्यावर सोडलं. आधी पाणी, आधी चूल, शस्त्र मागाहून.

बायकांनी रचलेल्या इतर कल्पित राज्यांशी हे ताडून बघा. कॅव्हेंडिशबाईंचं 1666 चं ‘ब्लेझिंग वर्ल्ड’ म्हणजे सम्राज्ञीची हौस. गिल्मनबाईंच्या ‘हरलँड’मध्ये (1915) मुळात पुरुषच नाहीत, मग त्यांना पोळपाटाशी बसवायची कटकटच मिटली. आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनी ‘पालखीचा गोंडा’मध्ये (1928) संस्थानाचा कारभार बाईच्या हाती देऊन पाहिला. ती कादंबरी आज कुणाच्या कपाटात आहे?

पुरुषांना कोंडणं हाही अन्यायच, असं काही समीक्षक गंभीर चेहऱ्यानं सांगतात. अहो, आहेच की! तो अन्याय तुम्हाला टोचावा म्हणून तर कथा लिहिली. दुसरे रुकैयांना सौरऊर्जेचं भाकीत करणारी द्रष्टी ठरवून हार घालतात. हा हार मला जास्त खटकतो, कारण त्याच्याखाली मागणी झाकली जाते. धुरात डोळे फोडून घेणाऱ्या बाईनं धूर नको म्हटलं, यात भविष्य कसलं? भविष्याची वाट बघत त्या बसल्याही नाहीत. 1911 मध्ये कलकत्त्यात आठ मुलींवर शाळा सुरू केली. 1924 च्या ‘पद्मराग’ कादंबरीत तर ‘सुलतानाज् ड्रीम’मधल्या उडत्या गाड्याही नाहीत, तारिणी भवनात सर्व धर्मांच्या टाकलेल्या बायका कमावतात आणि शिकवतात.

कल्पना घरकामापासून सुरू करायची, हा रुकैयांचा धडा मराठी विज्ञानकथेला अजून पचलेला नाही. यान सुटतं, रोबो बोलतात, काळ मागे फिरतो, आणि शास्त्रज्ञ घरी आला की सौ. चहा टाकते! कल्पनेचे घोडे दीर्घिकांपर्यंत दौडतात आणि ओट्यापाशी अडखळतात. शास्त्र चोख आहे हो, कबूल. पण मंगळावरच्या वसाहतीत भांडी कोण घासतं, ते आधी सांगा.